पॅराडाइजच्या रस्त्यावरची नाकाबंदी : माउंट रेनियर, १ जानेवारी २०१२

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलहून गाडीने साधारण अडीच तासांवर, माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यान आहे. १४,४१० फूट उंचीचा, हिमनद्यांनी मढलेला ज्वालामुखी, आणि त्याच्याभोवती १८९९ साली राखून ठेवलेलं जंगल. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या पट्ट्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना ही जागा चांगली ठाऊक असते. भारतातून आईवडील आले की उन्हाळ्यात रानफुलं दाखवायला आणि थंडीत बर्फ दाखवायला त्यांना इथेच आणतात. बहुतेक जण जातात ते पॅराडाइज नावाच्या ठिकाणी.

पॅराडाइज सुमारे ५,४०० फुटांवर आहे. तिथे वर्षाला सरासरी ६०० इंचांहून जास्त बर्फ पडतो, आणि १९७१-७२ च्या हिवाळ्यात तर १,१२२ इंच पडला होता. उन्हाळ्यात इथे यायला एकाहून अधिक वाटा आहेत. हिवाळ्यात मात्र एकच रस्ता उघडा राहतो : नैर्ऋत्येच्या निस्क्वाली फाटकातून लाँगमायरपर्यंत, आणि तिथून पुढे साधारण अठरा-एकोणीस किलोमीटर वळणं घेत वर. पॅराडाइजला हा रस्ता संपतो. पुढे बर्फाच्या भिंती. रविवारी सिंहगडावर गर्दी असताना खालून एकच घाट आणि वर गाड्या, माणसं, पोरंबाळं असा जो प्रकार असतो, तसाच हा. फरक एवढाच की इथे पायवाटेने उतरून जाण्याची सोयसुद्धा नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की १ जानेवारी २०१२ ला याच रस्त्यावर एका बंदूकधाऱ्याला अडवताना रेंजर, म्हणजे उद्यानाच्या रक्षक, मार्गारेट अँडरसन मारल्या गेल्या, आणि या प्रकरणातला प्रत्येक निर्णय या रस्त्याच्या रचनेतून आलेला आहे. रस्ता नीट डोळ्यांसमोर नसेल, तर अँडरसन यांनी जे केलं ते का केलं हे कळत नाही.

साखळ्यांचा नाका

१ नोव्हेंबर ते १ मे या काळात उद्यानात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीत चाकांना लावायच्या साखळ्या असल्याच पाहिजेत, असा नियम आहे. गाडी चारही चाकांनी ओढणारी असली तरी सूट नाही. बर्फ जास्त असेल तेव्हा लाँगमायरच्या परिसरात रेंजर नाका लावतात, गाड्या थांबवतात, साखळ्या आहेत का बघतात. काम कंटाळवाणं. दिवसभर थंडीत उभं राहायचं, तीच वाक्यं बोलायची, कुणाची तरी नाराजी ऐकायची. पण हा नाका नसला तर वरच्या वळणांवर गाड्या घसरून अडकतात, बर्फ काढणारी यंत्रं पुढे जाऊ शकत नाहीत, रुग्णवाहिकेची वाट बंद होते. म्हणजे नाका लावणं हे अपघाताआधीच केलेलं बचावकार्य आहे.

१ जानेवारी २०१२ ला रविवार होता. नव्या वर्षाचा पहिला दिवस आणि सुटी, त्यामुळे घसरगाड्या घेऊन कुटुंबं पॅराडाइजला पोचली होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास एक गाडी नाक्यावर न थांबता सरळ वर गेली. तिथला रेंजर आपल्या गाडीचे दिवे लावून तिच्या मागे निघाला आणि त्याने वायरलेसवर कळवलं.

आत्ता मागे वळून पाहताना आपल्याला ठाऊक आहे की त्या गाडीत कोण होतं. इराकमध्ये सैनिक म्हणून राहून आलेला २४ वर्षांचा तरुण. त्याच पहाटे तीनच्या सुमारास सिएटलच्या दक्षिणेकडच्या स्कायवे वस्तीत नववर्षाच्या पार्टीत गोळीबार झाला होता, चार माणसं जखमी झाली होती, आणि त्या प्रकरणात पोलीस याच तरुणाला शोधत होते. गाडीत बंदुका होत्या, गोळीरोधक कवच होतं, रानात तग धरायचं सामान होतं. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. या हकिकतीत नाव लक्षात राहायला हवं ते दुसऱ्या व्यक्तीचं.

पण त्या क्षणी डोंगरावरच्या रेंजरांसमोर यातलं काहीच नव्हतं. समोर होती फक्त साखळीच्या नाक्यावर न थांबलेली एक गाडी. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. शहरातला पोलीस एखाद्या गाडीच्या मागे लागतो तेव्हा त्याला क्रमांक, नोंदी, मागचे गुन्हे असं बरंच काही मिनिटभरात मिळू शकतं, आणि हाक मारली की चार गाड्या येतात. डोंगरात पाठलाग करणाऱ्याला पुढचं वळणसुद्धा दिसत नाही.

बार्न फ्लॅट्स

मार्गारेट अँडरसन ३४ वर्षांच्या होत्या. मूळच्या न्यू जर्सीच्या. वडील लुथरन पंथाचे धर्मगुरू. युटामधल्या ब्राइस कॅनियन उद्यानात काम करताना पतीची भेट झाली. तेही रेंजर. २००८ पासून दोघं रेनियरला होते आणि त्या दिवशी पतीही याच उद्यानात दुसऱ्या ठिकाणी कामावर होते. घरी दोन मुली, दोघीही चार वर्षांच्या आतल्या.

त्या रविवारी अँडरसन वरच्या बाजूला होत्या. वायरलेसवरचा निरोप ऐकून त्यांनी आपली गाडी खाली आणली आणि पॅराडाइजच्या अलीकडे साधारण दीड किलोमीटरवर, बार्न फ्लॅट्स नावाच्या जागी, रस्त्यावर आडवी घातली. मागून सहकारी येत होता, पुढून त्या. मधे ती गाडी.

तरुणाने गाडी थांबवली, बाहेर पडला आणि गोळ्या झाडल्या. अँडरसन यांना आपल्या गाडीतून उतरायलाही वेळ मिळाला नाही. मग त्याने मागून आलेल्या रेंजरवरही गोळीबार केला. तो रेंजर बचावला. हल्लेखोर आपली गाडी तिथेच टाकून बर्फाळ जंगलात शिरला.

हा निर्णय बरोबर होता का, हे त्या दिवसापासून अनेकांनी विचारलं असेल. मी त्यावर बराच विचार केला आहे, आणि तो इथे सविस्तर मांडतो, कारण प्रकरण अभ्यासायचं तर याच जागी थांबायला हवं.

पहिला पर्याय : पाठलागच करायचा नाही. वर जाऊ द्यायचं, रस्ता पुढे संपतोच, परत यायला याच वाटेने यावं लागेल, तेव्हा खाली फाटकाजवळ तयारीने धरायचं. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. गाडीत फक्त एक बेशिस्त चालक असता तर ते चाललंही असतं. पण बर्फात साखळ्यांशिवाय जोरात जाणारी गाडी वरच्या वाहनतळावर घुसली, तर बंदूक नसतानाही लहान मुलांसाठी ती घातकच. मुलं तिथे गाड्यांच्या मधून घसरगाड्या ओढत असतात.

दुसरा पर्याय : अजून खाली, लाँगमायरच्या जवळ अडवायचं. पण अडवणारी व्यक्ती वरून येत होती. ती जिथवर पोचली, तिथेच नाका शक्य होता.

तिसरा पर्याय : पॅराडाइजच्या तोंडाशी, इमारतीजवळ थांबायचं. तिथे आणखी कर्मचारी होते, आडोसा होता. पण मग जे काही घडलं असतं ते १०० हून अधिक लोकांच्या समोर, त्यांच्यामधे घडलं असतं.

अँडरसन यांनी गर्दी आणि धोका यांच्यामधे शेवटची रिकामी जागा निवडली. त्या तरुणाला वर जाऊन काय करायचं होतं हे कधीच नक्की कळणार नाही. पोलिसांचा अंदाज असा की तो लपायला आला होता, आणि गाडीतलं रानात राहायचं सामान त्याला दुजोराही देतं. म्हणून ‘त्यांनी शंभर जीव वाचवले’ असं ठामपणे लिहिणं मला योग्य वाटत नाही. पण गोळी झाडायला न कचरणारा, बंदुका जवळ असलेला माणूस गर्दीपासून दीड किलोमीटर अलीकडे थांबला, एवढं निश्चित आहे, आणि तो थांबला अँडरसन यांच्या नाकाबंदीमुळे.

नव्वद मिनिटं

यानंतरचा भाग वाचायला फार जड जातो. जखमी सहकारी रस्त्यावर, गाडीत. मदत करू शकणारे लोक थोड्याच अंतरावर. आणि झाडीतून गोळ्या येत होत्या. जवळ जवळ दीड तास कुणालाही अँडरसन यांच्यापर्यंत पोचता आलं नाही. पोचले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

रेंजरांच्या कामात कायदा आणि बचाव हे दोन वेगळे विभाग आहेत, असं बाहेरून वाटतं. एकीकडे दंडाची पावती आणि पिस्तूल, दुसरीकडे दोर, स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये कायदा राबवणारे रेंजर बहुधा तीच माणसं असतात जी पाय मोडलेल्या गिर्यारोहकाला खाली आणतात आणि वाहनतळावर छातीत कळ आलेल्या आजोबांना प्राणवायू लावतात. इथे त्याच्या उलट अडचण आली. प्रथमोपचार जाणणारी माणसं हजर होती, पण समोरची जागा आधी सुरक्षित करायला सशस्त्र पथक हवं होतं, आणि ते पथक शहरातून, मग जिल्ह्याच्या रस्त्याने, मग फाटकातून, मग त्याच एकमेव बर्फाळ घाटाने येणार होतं. हिवाळ्यात त्याहून जवळची वाटच नाही.

अधिकाराचाही एक पेच होता, जो बाहेरच्या वाचकाला माहीत नसतो. अमेरिकेतल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत कायद्याची स्थिती सारखी नाही. काही ठिकाणी राज्य आणि केंद्र दोघांचाही अधिकार चालतो. रेनियरमध्ये मात्र राज्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपला अधिकार सोडून दिलेला असल्याने तिथे केंद्राचा एकाधिकार आहे. म्हणजे एरवी उद्यानाच्या हद्दीत पोलिसी काम रेंजरांचंच. त्या दिवशी पिअर्स काउंटीच्या शेरीफचे लोक (म्हणजे जिल्ह्याचे पोलीस), आजूबाजूच्या पोलिसांची विशेष पथकं, एफबीआय असे मिळून सुमारे २०० जण आले. इतक्या वेगवेगळ्या गणवेशांची माणसं एका आदेशाखाली आणण्यासाठी अमेरिकेत एक ठरलेली पद्धत आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वणव्यांतल्या गोंधळातून ती तयार झाली. घटनेचा प्रमुख कोण, माणसं कोण पाठवणार, सामान कोण पुरवणार, लोकांना माहिती कोण देणार, हे आधीच ठरलेलं असतं, आणि उद्यानाचे लोक ती पद्धत दर उन्हाळ्यात आगी आणि शोधमोहिमांसाठी वापरत असतात. शस्त्रधारी माणसाच्या शोधात ती कामी आली यात मला आश्चर्य वाटत नाही.

अडकलेले लोक

वर पॅराडाइजला जॅक्सन अभ्यागत केंद्रात कर्मचारी धरून सुमारे १२५ माणसं अडकली. मोठी, नवी इमारत, २००८ साली उघडलेली. ऊब होती, छप्पर होतं. पण हल्लेखोर जंगलातून चालत त्याच दिशेने आला तर? किंवा आधीच येऊन गर्दीत मिसळला असेल तर? त्याचा चेहरा तिथल्या कुणालाच माहीत नव्हता.

पोलीस आत आले तेव्हा त्यांनी लोकांना गुडघ्यांवर बसवून हात डोक्यामागे घ्यायला लावले आणि एकेका चेहऱ्याची खात्री केली. मुलं बरोबर होती. बर्फ खेळायला आलेल्या मुलाने आपल्या आईला असं बसलेलं पाहावं, हे भयंकरच. पण दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. गर्दी वाचवायची तर गर्दीत तो नाही ना, हे आधी पाहावंच लागतं.

लोकांना लगेच खाली का पाठवलं नाही? त्याचं उत्तर पुन्हा रस्त्यात आहे. खाली जाणारी एकमेव वाट बार्न फ्लॅट्सवरून, म्हणजे घटनास्थळावरूनच जाते, आणि झाडीत बंदूकधारी होता. बर्फाच्या भिंतींमधून हळूहळू उतरणाऱ्या कुटुंबांच्या गाड्यांची रांग त्याच्यासमोर नेणं म्हणजे जाणूनबुजून धोक्यात घालणं. म्हणून सगळ्यांना आतच ठेवलं आणि रात्री उशिरा, पहाटेच्या आधी, चार-पाच गाड्यांच्या छोट्या तुकड्या करून, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या देऊन खाली उतरवलं. या सबंध प्रकरणात पर्यटकांपैकी एकालाही गोळी लागली नाही.

हल्लेखोराचा शोध दोन प्रकारे चालला. बर्फावर चालायचे बूट घालून पथकं पावलांचे ठसे धरत पुढे जात होती, आणि वर उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेलं विमान घिरट्या घालत होतं. खोल बर्फात माणसाचा माग लपत नाही. २ जानेवारीला विमानातून पॅराडाइज क्रीकमध्ये तो पडलेला दिसला. अर्धवट पाण्यात, दोन्ही बाजूंना बर्फाचे उंच काठ. अंगात टी-शर्ट आणि जीन्स, पायात एकच बूट. गोळी लागलेली नव्हती. थंडीने गारठून आणि पाण्यात बुडून मरण आलं होतं. रानात तग धरायचं सामान गाडीत राहिलं होतं, आणि ती गाडी बार्न फ्लॅट्सवर अडकली होती. म्हणजे ती नाकाबंदी नंतरही काम करत राहिली : त्याला पुढे जाता आलं नाही, मागे येता आलं नाही, आणि ज्या सामानाच्या जोरावर तो डोंगरात आला ते त्याच्या हातून सुटलं.

बंदूक कुणाच्या हातात

उद्यान काही दिवस बंद राहिलं. त्या काळात अमेरिकेत वाद पेटला तो एका कायद्यावरून. २००९ साली क्रेडिट कार्डांविषयीच्या एका विधेयकाला जोडलेल्या दुरुस्तीनुसार २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत राज्याच्या नियमांप्रमाणे भरलेली बंदूक बाळगायला परवानगी मिळाली होती. त्याआधी ती उतरवून, बांधून ठेवावी लागे. रेंजरांच्या निवृत्त मंडळींनी या बदलाला विरोध केला होता.

माझं मत असं की या प्रकरणाशी त्या कायद्याचा थेट संबंध जोडणं कठीण आहे. पहाटे चार माणसांना गोळ्या घालून आल्याचा संशय ज्याच्यावर आहे, तो फाटकावरची पाटी वाचून बंदूक उतरवून ठेवणार नाही. पण एक गोष्ट त्या कायद्याने नक्की बदलली. आधी उद्यानात भरलेली बंदूक दिसली की रेंजरला तेवढ्यावरून हस्तक्षेप करता येत असे. आता दिसलेली बंदूक हा पुरावा राहिला नाही. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

रेंजर शस्त्र बाळगू लागले त्याचाही इतिहास सरळ नाही. १९७० च्या ४ जुलैला योसेमिटीच्या स्टोनमन मेडोमध्ये तरुणांचा जमाव आणि रेंजर यांच्यात दंगल झाली. पुरेसं प्रशिक्षण नसलेले रेंजर घोड्यांवरून जमावावर गेले आणि प्रकरण चिघळलं. त्यानंतर पोलिसी प्रशिक्षण सुरू झालं, आणि १९७६ च्या कायद्याने अटक करण्याचे व शस्त्र बाळगण्याचे अधिकार स्पष्ट झाले. तरी ऑगस्ट २००२ मध्ये ॲरिझोनात मेक्सिकोच्या सीमेवरच्या ऑर्गन पाइप कॅक्टस उद्यानात क्रिस एगल हा २८ वर्षांचा रेंजर गोळीला बळी पडलाच.

योगायोग असा की २०१२ च्याच मे महिन्यात, ताडोबाच्या परिसरातल्या वाघांच्या शिकारींनंतर, महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की शिकाऱ्यावर गोळी चालवावी लागली तर वन कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही. तेव्हा आपल्याकडे त्यावर दोन्ही बाजूंनी खूप बोललं गेलं. माझ्या मते ती चर्चा अपुरी होती, कारण आपल्याकडच्या वनरक्षकाच्या हातात बहुतेक वेळा बंदूक नसतेच, काठी असते. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा नोंदवत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्या गेल्या. सोबत होते ते वनमजूर. कामही अत्यंत नेहमीचं, दर गणनेला होणारं, जसा तिकडे साखळ्यांचा नाका.

रेनियरच्या प्रकरणातून उचलण्यासारखं काही असेल तर ते गोळीच्या परवानगीपेक्षा साध्या गोष्टींत आहे. निरोप गेल्यावर दुसरी व्यक्ती लगेच वाटेला लागली, कारण वायरलेस चालू होता आणि ती ऐकत होती. गर्दीला आत घेऊन ठेवायला एक भक्कम इमारत होती आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी दार सांभाळलं. बाहेरून २०० माणसं आली तेव्हा कुणाचं ऐकायचं हा प्रश्न तिथे नव्याने सोडवावा लागला नाही. कमी पडलं ते एकच : सशस्त्र मदत जवळ नव्हती.

त्याच उद्यानाने पाच-साडेपाच महिन्यांत दुसरा रेंजर गमावला. २१ जून २०१२ ला टेक्सासहून आलेले चार गिर्यारोहक एमन्स हिमनदीवर, १३,७०० फुटांच्या आसपास, घसरून जखमी झाले. त्यांना सैन्याच्या चिनूक हेलिकॉप्टरमध्ये चढवताना निक हॉल हा ३३ वर्षांचा गिर्यारोहक रेंजर उतारावरून घसरला. चारही गिर्यारोहक वाचले. हवामानामुळे हॉल यांचा देह खाली आणायला जवळपास दोन आठवडे लागले.

अँडरसन यांच्या स्मरणार्थ उद्यानाजवळच्या ईटनव्हिल गावाच्या टपाल कार्यालयाला त्यांचं नाव दिलं आहे. साखळ्यांचा नियम अजून तसाच आहे : १ नोव्हेंबर ते १ मे, प्रत्येक गाडी. या हिवाळ्यात कुणी पॅराडाइजला जाणार असाल तर साखळ्या भाड्याने घ्या, घरीच एकदा लावून बघा, आणि नाक्यावर थांबवलं तर शांतपणे दाखवा.